दलालाच्या यादीपासून विवरणपत्राच्या तक्त्यापर्यंत

व्यापारी पेढीवर ज्यांचें कांहीं काळ जाणें-येणें झालें आहे, त्यांस किर्द आणि खतावणी यांतील भेद सांगावयास नको. किर्दींत दिवसभराचे व्यवहार जसे घडले तसे ओळीनें उतरून घेतात; खतावणींत तेच व्यवहार खातेंवार वांटून मांडतात. अमुक दिवशीं काय घडलें, हें किर्द सांगते. अमुक खात्याचें अखेर काय झालें, हें खतावणी सांगते. पेढीवरील मुनिमाची पारख व्हावयाची ती या खतावण्याच्या कामावरून. आज शेअरबाजारांत पैसे गुंतविणाऱ्या प्रत्येक घरापुढें वर्षांतून एकदां हेंच काम येऊन उभें राहतें. फरक इतकाच कीं, किर्द दलालाच्या संगणकांत असते, खतावणी प्राप्तिकराच्या विवरणपत्रांत मांडावयाची असते, आणि मधला मुनीम म्हणजे एक फाइल दुसऱ्या फाइलीच्या रूपांत नेणारी संगणक-प्रणाली असते. ही मधली पायरी किती नाजूक आहे, तेथें काय चुकतें आणि तें कसें टाळावें, याचा विचार आजच्या भाषणांत करावयाचा आहे.

मुंबईचा शेअरबाजार जुना. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास टाउन हॉलच्या परिसरांत वडाच्या झाडाखालीं जमणाऱ्या दलालांनीं १८७५ सालीं आपली संस्था स्थापन केली, आणि आजचा बाजार हा तिचाच वारस होय. त्या काळापासून विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत शेअर म्हणजे हातांत धरतां येईल असा कागद होता. तो कपाटांत असे, त्याच्या पाठीवर हस्तांतराच्या नोंदी असत, आणि विकत घेतल्याची चिठ्ठी बहुधा त्यालाच टांचलेली असे. १९९६ च्या डिपॉझिटरी कायद्यानें हें चित्र पालटलें. कागद गेले व त्यांच्या जागीं डीमॅट खात्यांतील आंकडे आले. चोरी, खोटी सही, टपालांत गहाळ होणें, या पीडा गेल्या ही सोय मोठीच झाली. परंतु कागदाबरोबर त्यास टांचलेली खरेदीची चिठ्ठीही गेली. डीमॅट खातें अमुक कंपनीचे इतके शेअर आहेत एवढें सांगतें. ते कोणत्या भावानें घेतले हें त्यास सांगतां येईलच असें नाहीं.

या विस्मरणास कायद्याचाही हातभार लागला. १ ऑक्टोबर २००४ पासून, बाजारांत विकलेल्या आणि रोखे-व्यवहार कर भरलेल्या शेअरांवरील दीर्घ मुदतीचा नफा करमुक्त होता. जेथें कर नाहीं तेथें हिशेब कोण ठेवतो? कित्येक घरांत तेरा-चौदा वर्षें जुन्या खरेदीच्या चिठ्ठ्यांकडे कोणी ढुंकूनही पाहिलें नाहीं. मग २०१८ च्या अर्थसंकल्पानें ही सूट काढून घेतली आणि १ एप्रिल २०१८ पासूनच्या विक्रीवर एक लाख रुपयांपुढील नफ्यास दहा टक्के कर बसविला. २३ जुलै २०२४ पासून हा दर साडेबारा टक्के झाला व सुटीची मर्यादा सवा लाखावर गेली. बारा महिन्यांच्या आंत विकलेल्या शेअरांवरील नफ्याचा दर त्याच दिवसापासून पंधरा टक्क्यांवरून वीस टक्के झाला. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याची जागा १ एप्रिल २०२६ पासून नव्या कायद्यानें घेतली असून कलमांचे क्रमांक बदलले आहेत. तत्पूर्वीच्या वर्षांचें विवरणपत्र मात्र जुन्या कायद्यानुसारच भरावयाचें, म्हणून पुढील विवेचनांत जुनेच क्रमांक घेतले आहेत.

जुन्या गुंतवणूकदारांवर अन्याय होऊं नये म्हणून त्या वेळीं एक तोड काढण्यांत आली. ३१ जानेवारी २०१८ पर्यंतची वाढ करमुक्त समजावी व पुढील वाढीवरच कर घ्यावा, अशी ती तोड. ती अमलांत आणण्याची रीत अशी: शेअरचा त्या दिवशीं बाजारांत नोंदलेला सर्वांत चढा भाव आणि शेअरची विक्रीची किंमत, यांपैकीं जी रक्कम कमी ती घ्यावी, मग ती रक्कम आणि प्रत्यक्ष खरेदीची किंमत, यांपैकीं जी अधिक ती खरेदीची किंमत मानावी. वाक्य एकच आहे, पण त्यांत 'कमी' आणि 'अधिक' असे दोन निवाडे आहेत, आणि त्यांचा क्रम उलटला कीं उत्तर बदलतें. हें वाक्य लक्षांत ठेवावें, कारण पुढील सारा घोळ त्याच्याभोंवतींच होतो.

आतां दलालाकडून मिळणाऱ्या यादीकडे वळूं. तिच्यांत प्रत्येक सौद्याची एक ओळ असते. कंपनीचें नांव, आयसिन नांवाचा बारा अक्षर-अंकांचा ओळख-क्रमांक, सौद्याची तारीख, खरेदी कीं विक्री, नग, भाव, सौद्याचा क्रमांक व ऑर्डरचा क्रमांक, असे तिचे रकाने. शंभर शेअरांची एकच मागणी नोंदविली तरी बाजारांत ती चार निरनिराळ्या विक्रेत्यांकडून पुरी झाली असेल, तर ओळी चार होतात. विवरणपत्राच्या तक्त्यास याचें कांहींएक सोयरसुतक नसतें. त्यास विकलेले नग, विक्रीची रक्कम, खरेदीची रक्कम, ३१ जानेवारी २०१८ चा भाव, विक्रीचा खर्च आणि उरलेला नफा हवा असतो. म्हणजे यादींत खरेदी व विक्री या दोन निरनिराळ्या ओळी असतात, आणि तक्त्यांत त्यांची जोडी लागलेली हवी असते. ही जोडी लावणें हेंच रूपांतराचें खरें काम. रकान्यांचीं नांवें बदलणें हा त्यांतील सर्वांत सोपा भाग होय.

जोडी कशी लावावी? डीमॅट खात्यांतील शेअर एकमेकांपासून ओळखतां येत नाहींत. तेव्हां जो आधीं आला तो आधीं गेला, असें मानण्याचा नियम कायद्यांत आहे, आणि प्रत्यक्ष कर मंडळानें २४ जून १९९८ च्या परिपत्रकांत तो स्पष्ट केला आहे. समजा, एकानें १० जानेवारी २०२३ रोजीं पन्नास शेअर घेतले, ५ डिसेंबर २०२३ रोजीं आणखी पन्नास घेतले, आणि १० जून २०२४ रोजीं साठ विकले. विक्रीची ओळ एक. परंतु तिच्यांतील पहिले पन्नास शेअर वर्षाहून अधिक काळ ठेवलेले म्हणून दीर्घ मुदतीचे, आणि उरलेले दहा सहा महिन्यांचे म्हणून अल्प मुदतीचे. एका ओळीच्या दोन ओळी होऊन त्या दोन निरनिराळ्या तक्त्यांत जातात. जी प्रणाली सरासरी भाव काढून सर्व साठ शेअरांस लावते, ती हिशेब सुबक दाखविते, पण तो कायद्याचा हिशेब नव्हे.

या नियमाची दुसरी बाजू फारशी कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. हा क्रम प्रत्येक डीमॅट खात्यापुरता स्वतंत्र लावावयाचा असतो. एका गृहस्थाचीं दोन दलालांकडे दोन खातीं असतील, तर दोन्ही याद्या एकत्र ओतून तारखेवार मांडणें ही चूक होईल. ज्या खात्यांतून शेअर गेले त्याच खात्याचा क्रम पाहिला पाहिजे. तसेंच, आपल्याच एका खात्यांतून आपल्याच दुसऱ्या खात्यांत शेअर नेले तर ती विक्री नव्हे, आणि पलीकडील खात्यांत ती खरेदीही नव्हे. पण दुसऱ्या दलालास आंत आलेल्या शेअरांचा इतिहास ठाऊक नसतो. त्याच्या यादींत खरेदीचा रकाना कोरा राहतो, कधीं तेथें शून्य पडतें, तर कधीं ज्या दिवशीं शेअर आंत आले त्या दिवसाचा भाव लिहिला जातो. तिन्ही गोष्टी सारख्याच घातक.

कांहीं ओळी तर या तक्त्यांत मुळींच येतां कामा नयेत. सकाळीं घेऊन संध्याकाळच्या आंत विकलेले, प्रत्यक्ष ताब्यांत न आलेले शेअर हा भांडवली नफा नव्हे, तो सट्ट्याचा धंदा होय. फ्यूचर्स व ऑप्शन्स यांचें उत्पन्न हाही धंदाच, पण सट्ट्याहून निराळा. अशा ओळी चाळून बाजूस न काढतां जोडी लावण्यास बसलें, तर दुपारीं घेतलेला शेअर चार वर्षांपूर्वींच्या शेअरशीं अदलाबदल पावून सगळा क्रम विस्कटतो. खर्चाच्या बाबतींतही असाच विवेक लागतो. खरेदीची दलाली खरेदीच्या किंमतींत मिळवितां येते, विक्रीची दलाली विक्रीचा खर्च म्हणून वजा होते. परंतु रोखे-व्यवहार कर भांडवली नफ्याच्या हिशेबांत वजा करूं नये, असें कायदाच सांगतो. काँट्रॅक्ट नोटेच्या तळाशीं हे सर्व आकार एकाखालीं एक छापलेले असतात, आणि घाईंत असलेला माणूस त्यांची एकच बेरीज करून मोकळा होतो.

एवढ्या काटेकोरपणाची गरज आहे काय, असें कोणी विचारील. त्यास उत्तर म्हणून एका घराचा हिशेब मांडून पाहूं. आंकडे कल्पित आहेत, पण असा प्रसंग पुष्कळ घरांत येतो. एका गृहस्थानें २०१० सालीं एका कंपनीचे शंभर शेअर चारशें रुपये भावानें घेतले. खर्च चाळीस हजार. २०१५ सालीं कंपनीनें एकास एक बोनस दिला, शेअर दोनशें झाले. २०१९ सालीं दहा रुपयांच्या दर्शनी किंमतीचा शेअर दोन रुपयांच्या पांच शेअरांत विभागला, शेअर हजार झाले. २०२१ सालीं गृहस्थ वारले. पुढील वर्षीं शेअर पत्नीच्या डीमॅट खात्यांत आले. डिसेंबर २०२४ मध्यें त्या बाईंनीं हजारही शेअर साडेचारशें रुपये भावानें विकले आणि साडेचार लाख रुपये हातीं आले. मृत्यूनंतर वारसाकडे आलेल्या मालमत्तेवर त्या वेळीं कर नाहीं. परंतु विकतांना मूळ मालकाची खरेदीची किंमत व त्याचा मालकीचा काळ वारसास मिळतो.

त्यांच्या दलालाच्या यादींत खरेदीची ओळच नाहीं, कारण खरेदी त्याच्याकडे झालीच नव्हती. प्रणालीनें तेथें शून्य धरलें. नफा साडेचार लाख, सूट सवा लाख, उरलेल्या सवातीन लाखांवर साडेबारा टक्के म्हणजे ४०,६२५ रुपये कर. दुसऱ्या एका प्रणालीनें शेअर खात्यांत आल्याच्या दिवसाचा भाव, समजा तीनशें ऐंशी, खरेदी म्हणून घेतला. नफा सत्तर हजार, सुटीच्या आंत, कर शून्य. तिसरीनें मूळ मालकाचा इतिहास ध्यानीं घेऊन ३१ जानेवारी २०१८ चा भाव घातला. तो त्या दिवशीं पंधराशें होता असें समजूं. परंतु तो भाव विभाजनापूर्वींच्या एका शेअरचा. विभाजनानंतरच्या हजार शेअरांस तो तसाच लावला तर पंधरा लाख होतात. मग 'यांपैकीं जी कमी' या नियमानें विक्रीची रक्कमच खरेदी ठरते, आणि नफा बरोबर शून्य दिसतो. तक्ता कोठेंही अडत नाहीं, लाल अक्षरांत कांहीं उमटत नाहीं, कारण गणित नियमाप्रमाणेंच झालें. चूक नियमांत नसून त्याच्या हातीं दिलेल्या आंकड्यांत आहे.

खरा हिशेब असा. पंधराशें रुपये हा एका जुन्या शेअरचा भाव. त्याचे पांच शेअर झाले, म्हणून नव्या शेअरचा भाव तीनशें. विक्री साडेचारशें, दोहोंत कमी तीनशें. मूळ खरेदी विकत घेतलेल्या शेअरांपुरती, विभाजनानंतर दर शेअरीं ऐंशी रुपये, व बोनसच्या शेअरांस शून्य. या दोन्हींहून तीनशें अधिक. म्हणून हजार शेअरांची मानीव खरेदी तीन लाख, नफा दीड लाख, सूट वजा जातां पंचवीस हजार, आणि उपकर वगळून कर ३,१२५ रुपये. बाईंचें इतर उत्पन्न करपात्र मर्यादेपुढें आहे असें यांत धरलें आहे. एकाच सौद्याचीं चार उत्तरें, आणि त्यांपैकीं एकच खरें. पहिल्या फाइलीवर विसंबून त्यांनीं सही केली असती, तर सदतीस हजार पांचशें रुपये विनाकारण गेले असते. दुसऱ्या वा तिसऱ्या फाइलीवर सही केली असती, तर आज कांहीं गेलें नसतें. पण नकळत खोटें निवेदन झालें असतें, आणि पुढें नोटीस आली असती तर उत्तर देण्यास ज्याला माहीत होतें तो माणूस घरांत नव्हता.

विभाजनाच्या बाबतींत आणखी एक खोंच आहे. शेअरची दर्शनी किंमत बदलली कीं त्याचा आयसिनही बदलतो. २०१८ च्या भावांची यादी जुन्या आयसिनची, आणि विक्रीच्या यादींत नवा आयसिन. प्रणाली नव्या क्रमांकानें जुन्या यादींत शोध घेते, तेथें कांहींच सांपडत नाहीं, आणि रकाना कोरा ठेवून ती पुढें जाते. कोरा रकाना दिसला तर निदान शंका तरी येते. त्याच्या जागीं शून्य उमटलें तर तीही येत नाहीं.

येथवर अर्थाच्या चुका पाहिल्या; आतां अक्षराच्या चुका पाहूं. मोडींतील दफ्तर बाळबोधींत उतरविणाऱ्यांस एक अडचण नेहमींची असे: मोडींत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळीत नसत, शब्दही सुटे लिहीत नसत, वाचणारानें तो आपल्या ज्ञानानें पुरवावयाचा. संगणकाच्या फाइलींतही असेंच कांहीं अध्याहृत असतें, आणि संगणक तें आपल्या मतीनें पुरवितो. तारखेचें उदाहरण घ्या. ०३/०४/२०२४ हें आपण तीन एप्रिल असें वाचतों. अमेरिकन रीतीवर बसविलेला संगणक तें चार मार्च असें वाचतो. एक तारीख एका आर्थिक वर्षांत पडते, दुसरी दुसऱ्या. शिवाय ज्या तारखांचा दिवस बाराहून मोठा आहे त्या उलटतां येत नाहींत, म्हणून त्या तशाच राहतात, आणि एकाच रकान्यांत कांहीं तारखा सरळ व कांहीं उलट्या अशी खिचडी होते. यावर उपाय साधा आहे: महिना अंकांत न लिहितां अक्षरांत लिहून घ्यावा, आणि सौद्याची तारीख घ्यावी, शेअर खात्यांत जमा झाल्याची नव्हे.

दुसरी गोष्ट स्वल्पविरामाची. ज्या सीएसव्ही फाइलीच्या रूपांत हे तक्ते चढवितात, तिच्यांत एक रकाना संपून दुसरा सुरू झाल्याची खूण म्हणजे स्वल्पविराम. आपण सवा लाख लिहितों तो १,२५,००० असा, दोन स्वल्पविरामांनीं. अवतरणचिन्हांत न घातलेली ही रक्कम फाइलींत शिरली कीं एकाचे तीन रकाने होतात, आणि त्या ओळीपुरतें पुढचें सगळें दोन घरें सरकतें. म्हणून रकमा स्वल्पविरामावांचून, निव्वळ अंकांत लिहाव्या. तिसरी गोष्ट मोठ्या क्रमांकांची. एक्सेलसारख्या कोष्टक-प्रणाली पंधरा अंकांपर्यंतच संख्या नेमकी धरतात. त्यापुढील अंकांच्या जागीं शून्य घालतात. ऑर्डरचा क्रमांक सोळा अंकी असेल तर शेवटचा अंक जातो, आणि दोन निराळ्या ऑर्डरी एकच दिसूं लागतात. मग 'दुबार ओळी काढून टाक' अशी आज्ञा दिली कीं खरा सौदाच नाहींसा होतो. असा रकाना उघडतांनाच 'मजकूर' म्हणून उघडावा, संख्या म्हणून नव्हे.

विवरणपत्रांतील तक्ता ११२अ याची कोरी फाइल प्राप्तिकर खात्याच्या प्रणालींतूनच उतरून घेतां येते. तीच वापरावी, आणि तिच्या मथळ्यांस हात लावूं नये. ३१ जानेवारी २०१८ रोजीं वा तत्पूर्वीं घेतलेल्या शेअरांची नोंद तेथें आयसिनसह कंपनीवार करावी लागते, कारण प्रत्येकाचा त्या दिवसाचा भाव निराळा. त्यानंतर घेतलेल्यांस हा भाव लागत नाहीं, म्हणून त्यांची एकत्रित नोंद करण्याची सोय दिली आहे. कोणता शेअर कोणत्या गटांत, हें ठरविणारा रकाना अगदीं पहिला आणि अगदीं लहान असतो. तो चुकला तर पुढील सारे रकाने बरोबर असूनही उत्तर चुकतें.

फाइल चढविण्यापूर्वीं करावयाच्या चार पडताळण्या कोणत्याही सुशिक्षित घरांत एका संध्याकाळीं होण्यासारख्या आहेत. पहिली नगांची: वर्षारंभीचे नग, अधिक खरेदी, अधिक बोनस व विभाजनानें वाढलेले, वजा विक्री, हें वर्षअखेरच्या डीमॅट पत्रकाशीं जुळलें पाहिजे. ही एकच बेरीज बहुतेक गळालेल्या ओळी उघड करते. दुसरी पैशांची: विक्रीची एकूण रक्कम, खर्च वजा जातां, दलालाच्या खतावणीशीं जुळावी. तिसरी शून्यांची: खरेदीच्या रकान्यांत शून्य वा कोरी जागा जेथें असेल, ती प्रत्येक ओळ हातानें तपासावी, बोनसच्या शेअरांस शून्य योग्य असूं शकतें, इतरांस क्वचितच. चौथी भावाची: २०१८ चा भाव विक्रीच्या भावाच्या पांचपट वा दहापट दिसला, तर विभाजन वा बोनस विसरला गेला असें समजून कंपनीचा इतिहास काढावा. एखादा शेअर खरोखरच तितका कोसळलेला असूं शकतो. पण तें पाहून ठरवावें, गृहीत धरूं नये.

यांत प्राप्तिकर खात्याच्या वार्षिक माहिती पत्रकाचेंही साह्य घ्यावें. २०२१ पासून तें प्रत्येक करदात्यास पाहावयास मिळतें, आणि त्यांत शेअरविक्रीच्या नोंदी असतात. आपल्या हिशेबांतील विक्री त्यांतील विक्रीशीं ताडून पाहणें अगत्याचें आहे, कारण विवरणपत्र पोंचल्यावर खातेंही तेंच ताडून पाहतें. मात्र त्या पत्रकांतील खरेदीचा आंकडा डोळे मिटून उचलूं नये. तो इतरांनीं पुरविलेल्या माहितीवर आधारलेला असतो, आणि वारसाहक्कानें वा जुन्या खात्यांतून आलेल्या शेअरांच्या बाबतींत मूळ चिठ्ठी हाच खरा पुरावा. पत्रकांतील नोंद चुकीची वाटल्यास तसें कळविण्याची सोय त्याच ठिकाणीं आहे. तोटा झालेल्यांनीं तर विशेष दक्ष राहावें. तोटा पुढील आठ वर्षें नेतां येतो, पण विवरणपत्र मुदतींत भरलें असेल तरच. शेवटच्या दिवशीं फाइल नाकारली गेली, तर हा हक्कही हातचा जातो.

ज्यांचीं मुलेंबाळें अमेरिकेंत स्थायिक झालीं आहेत, त्यांच्या घरीं या प्रश्नाचें दुसरें रूप दिसतें. तेथील दलाल १०९९-बी नांवाचें पत्रक देतात, त्यावरून ८९४९ क्रमांकाचा तक्ता भरावा लागतो, आणि बऱ्याच प्रणाली हें काम फाइल चढवून करूं देतात. २०११ पासून घेतलेल्या शेअरांची खरेदीची किंमत तेथील दलालांनींच सरकारास कळवावी असा नियम असल्यानें त्यांचें काम कांहींसें सोपें झालें आहे. परंतु तेथील रहिवाशास भारतांतील शेअरविक्रीही तेथें दाखवावी लागते. तेथें वर्ष जानेवारी ते डिसेंबर, हिशेब डॉलरांत, आणि आपल्याकडील २०१८ ची सवलत तेथें नाहीं. म्हणून इकडील तयार तक्ता तिकडे पाठवून भागत नाहीं. मूळ खरेदीची तारीख आणि किंमतच पाठवावी लागते.

या सर्व विवेचनाचें सार काढावयाचें तर तें यंत्राविषयीं नसून घरांतील वहीविषयीं आहे. प्रणाली जोड्या लावील, टक्केवारी काढील, तक्ते भरील. पण २०१० सालीं शंभर शेअर कोणत्या भावानें घेतले, हें ती कोठून आणील? तें एखाद्या जुन्या पाकिटांत असतें, किंवा घरांतील वडीलधाऱ्या माणसाच्या स्मरणांत असतें. तें माणूस आहे तोंवर त्याच्याजवळ बसून एक साधी वही करावी: कंपनी, खरेदीची तारीख, नग, भाव, दलाल, बोनस व विभाजन, आणि शेअर एका खात्यांतून दुसऱ्यांत गेले असल्यास तें कधीं. काँट्रॅक्ट नोटा ई-मेलनें येतात; खातें बंद करण्यापूर्वीं त्या उतरून घ्याव्या. त्या वहींत घरांतील पत्नीनें वा मुलानें एकदां डोकें घातलेलें असावें, म्हणजे ती कोणाच्या तरी हातीं जिवंत राहील.

विवरणपत्राच्या अखेरीस, दिलेली माहिती आपल्या समजुतीप्रमाणें खरी व पूर्ण आहे, असें निवेदन असतें आणि त्याखालीं सही करदात्याची असते. ती प्रणालीची नसते, दलालाची नसते, किंवा फाइल तयार करून देणाऱ्या कोणाचीही नसते. श्रोतेहो, ज्याखालीं आपली सही पडावयाची आहे त्यांतील निदान एक ओळ तरी, सर्वांत जुन्या शेअरची, प्रत्येकानें कागदपेन्सिल घेऊन स्वतः मांडून पाहावी. ती जुळली तर बाकीच्यांवर विश्वास ठेवण्यास आधार मिळतो; न जुळली, तर सही करण्यापूर्वींच तें कळलें, हा लाभ कांहीं लहान नव्हे.